नेत्यांची शिवराळ भाषा : कामकाजातून काढलेली शिवी जाते कुठे?

सह्यवारा

अधिवेशन सुरू झालं की हे ठरलेलं आहे. सभागृहात कुणाचा तरी तोल जातो, मजल आईबहिणीपर्यंत जाते, पीठासीन अधिकारी 'हे शब्द कामकाजातून काढून टाकण्यात येत आहेत' असं सांगतात आणि दिवेलागणीपर्यंत तीच क्लिप गावातल्या प्रत्येक ग्रुपवर येऊन पडते. जाहीर सभेत तर शब्द काढून टाकायलाही कुणी नसतं. दोन दिवसांनी 'माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला, तरीही कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो' हे ठरीव वाक्य येतं आणि विषय मिटतो.

'राजकारणाची पातळी घसरली' एवढं म्हणून आपण थांबतो. मला यामागची यंत्रणा समजून घ्यायची आहे. शब्द काढतात म्हणजे नक्की काय करतात? सभागृहातल्या शिवीवर पोलिसांत का जाता येत नाही? सभेत किंवा टीव्हीवर दिलेल्या शिवीला कुठलं कलम लागतं आणि ते टिकतं का?

माझं मत आधीच मांडतो. शब्द पुसून काही साधत नाही. शिवी देणाऱ्याला त्याच क्षणी बाहेर काढायला हवं. पटत नसेल तर खोडून काढा. एका पक्षाला धोपटायला हा धागा काढलेला नाही, उदाहरणं सगळीकडची येऊ द्या.

शीघ्रलिपी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. थोडं लांबेल.

लोकसभेचा नियम ३८०. चर्चेत बदनामीकारक, असभ्य, असंसदीय किंवा सभागृहाला न शोभणारे शब्द वापरले गेले असं अध्यक्षांचं मत झालं, तर ते शब्द कामकाजातून काढण्याचा आदेश ते देऊ शकतात. नियम ३८१ पुढची कृती सांगतो : छापील वृत्तांतात त्या जागी तारका येतात आणि तळाशी 'अध्यक्षपीठाच्या आदेशाने काढले' अशा अर्थाची टीप येते. राज्यसभेत हाच अधिकार नियम २६१ मध्ये आहे. म्हणजे पन्नास वर्षांनी वृत्तांत वाचणाऱ्याला इथे काहीतरी गाळलंय हे कळतं, काय गाळलंय ते कळत नाही.

बातम्यांमध्ये दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. अध्यक्ष 'यापुढचं काही कामकाजात जाणार नाही' म्हणतात तेव्हा प्रतिवेदक विनापरवानगी बोलणाऱ्यांचं टिपणं थांबवतात आणि वृत्तांतात नुसतं '(व्यवधान)' उरतं. इथे शब्द कधी कागदावर आलेलाच नसतो. काढून टाकण्यात तो आधी टिपला जातो, मग गाळला जातो.

खरी अडचण वेळेची आहे. गोंधळात शिवी अध्यक्षांच्या कानावर धड पडत नाही. ते म्हणतात, 'मी तपासून घेतो.' टिपणं टंकून येतात, पाहिली जातात, मग आदेश होतो. तोवर थेट प्रक्षेपण होऊन गेलेलं असतं. हा नियम छापील वृत्तांताच्या काळात घडलेला आहे. तेव्हा सभागृहाबाहेर जाणारी वाट एकच होती, कागदाची, आणि त्या वाटेवर अध्यक्षांचा पहारा होता.

आणखी एक. शब्द काढणं ही सदस्याला शिक्षा नाही. शिक्षेचे नियम वेगळे : ३७३ खाली त्या दिवसापुरतं बाहेर जायला सांगता येतं, ३७४ खाली नाव घेऊन प्रस्तावाने निलंबन होतं, आणि २००१ मध्ये आलेल्या ३७४अ खाली सलग पाच बैठका किंवा उरलेलं अधिवेशन, यांतलं जे कमी असेल तेवढं निलंबन आपोआप लागतं.

नीरजा_प

छान माहिती. पण २०२२ मध्ये शब्दांची यादीच निघाली होती ना? 'जुमलाजीवी' वगैरे. ते शब्द उच्चारायचेच नाहीत, असं काही आहे का?

शीघ्रलिपी

नाही, नीरजाताई. ते जुन्या निर्णयांचं संकलन असतं. लोकसभेत, राज्यसभेत आणि राज्यांच्या विधानसभांत कुठले शब्द काढले गेले, ते सचिवालय वेळोवेळी एकत्र करतं. १९९९ मध्ये त्याचं जाडजूड पुस्तक निघालं होतं. २०२२ च्या जुलैत नवी भर आली. तिच्यात 'जुमलाजीवी', 'बालबुद्धी', 'शकुनी', 'तानाशाह' होते, तसेच 'भ्रष्ट', 'नाटक', 'ढोंग' या अर्थाचे रोजचे इंग्रजी शब्दही होते. आरडाओरड झाल्यावर अध्यक्ष ओम बिर्ला यांनी १४ जुलैला स्पष्ट केलं की कुठल्याही शब्दावर बंदी नाही, संदर्भ बघूनच शब्द काढला जातो.

नियमाने पाहता ते बरोबरच आहे. शब्द यादीत आहे म्हणून आपोआप जात नाही आणि यादीत नाही म्हणून वाचतही नाही.

अण्णा_कोल्हापूरकर

मग माझी हरकत इथंच आहे. शिवी थांबवायची म्हणून अध्यक्षाच्या हातात खोडरबर द्यायचा, आणि त्या खोडरबरानं जातंय काय, तर 'भ्रष्ट'. आईवरनं शिवी आणि 'तुमचा कारभार भ्रष्ट आहे' हे वाक्य, दोन्ही एकाच माळेत? विरोधकाचं कामच सरकारला टोचायचं आहे. सह्यवारादादा म्हणतात तसा त्याच क्षणी बाहेर काढायचा अधिकार दिला, तर आधी कोण बाहेर जाईल ते सांगायला ज्योतिषी नको. अध्यक्ष बहुमतातनंच निवडून येतो.

तिरफळ

अण्णा, सहमत. 'गोडसे' या शब्दाचं उदाहरण फार बोलकं आहे. ते नाव १९५६ च्या एका निर्णयानंतर असंसदीय शब्दांत गेलं आणि तिथेच राहिलं. पुढे नाशिकहून शिवसेनेचे हेमंत गोडसे खासदार झाले. राज्यसभेच्या कामकाजातून तो शब्द काढला गेला तेव्हा त्यांनी पत्र लिहिलं की हे माझं आडनाव आहे, ते असंसदीय कसं? तेव्हाच्या लोकसभा अध्यक्ष सुमित्रा महाजन, मूळच्या चिपळूणच्या. त्यांना या आडनावाची माणसं कोकण-देशावर किती आहेत हे कुणी सांगायची गरज नव्हती. २०१५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी दुरुस्ती केली : नुसतं आडनाव चालेल.

साठ वर्षांजवळ एका आडनावावर तारका पडू शकत होत्या. संदर्भ न बघता शब्द धरला की असं होतं.

विधिज्ञ_पुणे

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. सभागृहातल्या शिवीवर पोलिसांत का जाता येत नाही?

संसदेसाठी घटनेचा अनुच्छेद १०५(२), विधिमंडळासाठी १९४(२). सभागृहात बोललेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल सदस्यावर न्यायालयात कारवाई होत नाही. 'कोणत्याही' हा शब्द सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये तेजकिरण जैन विरुद्ध संजीव रेड्डी या खटल्यात जसाच्या तसा घेतला. पुरीच्या शंकराचार्यांबद्दल लोकसभेत काही बोललं गेलं, म्हणून त्यांच्या अनुयायांनी नुकसानभरपाईचा दावा लावला होता. न्यायालय म्हणालं, संसद बसलेली होती आणि कामकाज चालू होतं एवढं पुरे. त्या ओघात बोललेल्या कशावरही दावा चालणार नाही. बोलणं कामाचं होतं की बिनकामाचं, हे न्यायालय तपासत बसणार नाही.

हे संरक्षण शिवीसाठी दिलेलं नाही. मंत्र्याच्या तोंडावर घोटाळ्याचा आरोप करणारा आमदार रोज कोर्टात खेचला जाऊ नये म्हणून ते आहे. शिवी त्याच दारातून आत येते. ती अडवायची तर सभागृहानेच अडवायची, दुसरा कुणी अडवू शकत नाही.

बातमी देणाऱ्यांनी एक सांभाळावं. कामकाजाचं खरं वृत्त देणाऱ्याला अनुच्छेद ३६१अ चं संरक्षण आहे, पण काढलेला भाग हा कामकाजाचा भागच उरत नाही. पाटण्याच्या 'सर्चलाइट' दैनिकाने १९५७ मध्ये बिहार विधानसभेतल्या भाषणाचा काढून टाकलेला भाग छापला. हक्कभंगाची नोटीस आली, संपादक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९५८ मध्ये हरले. हा निर्णय आजही धरला जातो. क्लिप फिरवणारे हजारो असतात म्हणून कारवाई होत नाही, एवढंच. संपादित, नाव असलेल्या वृत्तपत्राने आणि वाहिनीने हा धोका ओळखून असावं.

टिंबटिंब

म्हणजे शिवी देणारा सुटला आणि छापणारा अडकला!

विधिज्ञ_पुणे

नियमाने तसंच आहे. म्हणूनच पीठासीन अधिकाऱ्याने काय करायचं हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

गावठाण

आणि ते प्रमाणात असावं लागतं. आपल्या विधिमंडळातली दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा.

५ जुलै २०२१. भाजपचे १२ आमदार. तालिका अध्यक्ष (म्हणजे अध्यक्षांच्या जागी कामकाज चालवणारे) भास्कर जाधव यांच्या दालनात शिवीगाळ आणि धक्काबुक्की केल्याचा आरोप, आमदारांनी तो नाकारला. निलंबन किती, तर एक वर्ष. २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. कारण समजून घेण्यासारखं आहे. विधानसभेच्या नियम ५३ मध्ये पायऱ्या आहेत : आधी त्या दिवसापुरतं बाहेर, त्याच अधिवेशनात पुन्हा घडलं तर उरलेल्या अधिवेशनापुरतं. अधिवेशन होतं दोन दिवसांचं. त्यापुढे वर्षभर बाहेर ठेवणं म्हणजे बडतर्फीहून वाईट, कारण बडतर्फ केलं तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. इथे जागा रिकामी नाही आणि मतदारसंघाला आमदारही नाही.

दुसरं, जुलै २०२४. विधान परिषदेत विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांनी प्रसाद लाड यांना शिवी दिली. दुसऱ्या दिवशी उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी पाच दिवसांचं निलंबन जाहीर केलं. दानवे यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि ते तीन दिवसांवर आलं. कोर्ट नाही, कचेरी नाही. शिक्षा लगेच झाली, अधिवेशनाच्या आत राहिली आणि माफीला किंमत मिळाली.

रागाच्या भरात मोठी शिक्षा दिली की ती कोर्टात पडते, आणि मग शिवी देणारा हार घालून परत येतो.

सह्यवारा

गावठाण, हे दुसरं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे की. शब्द काढून थांबले नाहीत, माणूस बाहेर काढला.

गावठाण

हो, पण तिथे दोन्ही बाजूंनी भर सभागृहात हातवारे चालू होते, अंगावर धावून जाणं चालू होतं, हेही लक्षात घ्या. एकाला शिक्षा होते तेव्हा दुसऱ्याचं डिवचणं वृत्तांतात दिसतच नाही. निर्णय देण्याआधी पाच मिनिटं कामकाज थांबवून दोघांना दालनात बोलवायची जी रीत आहे, ती सोडू नये.

अण्णा_कोल्हापूरकर

आता जरा वेगळं बोलतो. रांगडेपणा आणि शिवी यांची गल्लत करू नका. महाराष्ट्रात भाषणाला धार लागतेच. बाळासाहेब ठाकरे पवारांना 'मैद्याचं पोतं' म्हणायचे, भुजबळांना 'लखोबा लोखंडे', भाजपला 'कमळाबाई'. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत 'सूर्याजी पिसाळ' हा शब्द दगडासारखा फिरायचा. ऐकणाऱ्याला झोंबायचं, पण समोरच्याच्या आईला त्यात कुणी ओढलं नव्हतं. ही धार गेली तर सभेला माणूस कशाला येईल? वक्तृत्व स्पर्धेतल्या भाषणानं कुणाचं आसन हलत नाही.

नीरजा_प

अण्णा, 'कमळाबाई' मध्येही पक्षाला बाई केल्यावरच टोमणा पूर्ण होतो, हे तुम्ही बघितलं नाही. समोरच्या पुरुषाला कमी दाखवायचं तर त्याला बाई म्हणायचं, बांगड्या भराव्यात म्हणायचं, साडी पाठवायची. हे रांगडेपणाच्या नावाखाली पुन्हा पुन्हा चालतं. राजकारणातल्या शिव्यांची मोजदाद केली तर बहुतेक शिव्या सभागृहात नसलेल्या बाईला लागतात. कुणाच्या आईला, बहिणीला, बायकोला. ती तिथे नसते, तिला उत्तर देता येत नाही, आणि माफी मागितली जाते ती तिच्या मुलाची किंवा भावाची.

बाई स्वतः राजकारणात असेल तर आणखी सोपं. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांनी, अब्दुल सत्तारांनी, सुप्रिया सुळे यांच्याबद्दल टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर अपशब्द वापरला. राज्यभर आंदोलनं झाली, दिलगिरी आली, मंत्रिपद राहिलं. एप्रिल २०२४ मध्ये काँग्रेसच्या रणदीप सुरजेवालांना हेमा मालिनींबद्दलच्या बोलण्यावरून निवडणूक आयोगाने ४८ तास प्रचारबंदी घातली. पक्ष वेगळे, लक्ष्य एकच.

कायद्यात तरतूद आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७९, जुनं ५०९ : स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करण्याच्या हेतूने शब्द, हावभाव. तीन वर्षांपर्यंत साधी कैद, आणि गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना दंडाधिकाऱ्याच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. राज्य महिला आयोग स्वतःहूनही दखल घेऊ शकतो. कमी पडतं ते कलम नाही, ते लावायची तयारी.

मोरपंखी

नीरजाताई +१. जातिवाचक शिवीबद्दलही लिहायला हवं. अत्याचार प्रतिबंध कायद्याचं कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) : अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला हेतुपुरस्सर अपमानित करणं किंवा जातीच्या नावाने शिवी देणं. सहा महिने ते पाच वर्षं. पण ते 'लोकांच्या नजरेसमोर' घडलेलं असावं लागतं. २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना घडलेलं यात बसत नाही असं म्हटलं. राजकीय सभेत हा प्रश्नच येत नाही, हजारो माणसं साक्षीला असतात. तरी फिर्याद देताना उपस्थित दोन-तीन स्वतंत्र माणसांची नावं पहिल्याच जबाबात यायला हवीत. नंतर घातली की बचाव पक्ष तिथेच बोट ठेवतो.

तिरफळ

जरा अवांतर. डिसेंबर २००९, आयर्लंडचं कनिष्ठ सभागृह. पॉल गोगार्टी नावाच्या सदस्याने 'पूर्ण आदर राखून, अगदी असंसदीय भाषेत' अशी प्रस्तावना करून विरोधी सदस्याला थेट इंग्रजी 'फ'ची शिवी हासडली, दोनदा. लगेच माफीही मागितली. नंतर नियमांचं पुस्तक उघडलं तर असंसदीय शब्दांत तो शब्दच नव्हता! तो कुणी सभागृहात काढेल, असं त्याआधी कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

ब्रिटनमध्ये पद्धत वेगळी आहे. तिथे शब्द वृत्तांतातून पुसत नाहीत. अध्यक्ष शब्द मागे घ्यायला सांगतात, सदस्य नाही म्हणाला तर उरलेल्या दिवसापुरता बाहेर. २०१६ मध्ये डेनिस स्किनर यांनी पंतप्रधान कॅमेरून यांना 'डॉजी डेव्ह' म्हटलं, मागे घेतलं नाही, बाहेर गेले. २०२१ मध्ये डॉन बटलर यांनी पंतप्रधान जॉन्सन खोटं बोलले असं म्हटलं, त्याही बाहेर गेल्या. दोन्ही शब्द वृत्तांतात तसेच्या तसे आहेत. कोण काय बोललं, अध्यक्षांनी काय केलं, हे नातवंडांनाही वाचता येईल.

सह्यवारा

तिरफळ, मला हवं होतं ते हेच. शब्द राहू दे, माणूस जाऊ दे.

शीघ्रलिपी

यावर माझा विरोध आहे, सह्यवारा. 'भ्रष्ट' सारखा शब्द वृत्तांतात राहावा, मान्य. पण सप्टेंबर २०२३ ची लोकसभा आठवा. चांद्रयान-३ च्या चर्चेत भाजपचे रमेश बिधुरी यांनी बसपचे दानिश अली यांना धर्मावरून ज्या शिव्या दिल्या, त्या वृत्तांतात कायम ठेवायच्या? शब्द काढले, राजनाथ सिंह यांनी सभागृहात खेद व्यक्त केला. क्लिप फिरायची ती फिरलीच. पण क्लिप फिरणं वेगळं आणि संसदेच्या अधिकृत ग्रंथात त्या शिव्या छापणं वेगळं. ज्याला शिवी दिली त्याचाही त्या ग्रंथावर हक्क आहे. त्याच्या नावापुढे ती कायमची चिकटू नये.

चूक इतकीच की शब्द काढले आणि तेवढ्यावर भागवलं. नियम ३७३ किंवा ३७४ त्याच बैठकीत लावता आला असता.

विधिज्ञ_पुणे

आता तिसरा प्रश्न, सभागृहाबाहेरचा. इथे बहुतेक तक्रारी बारगळतात, म्हणून नीट लिहितो.

जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. साध्या शिवीगाळीला लागू होणारी कलमं तीन.

कलम ३५२, जुनं ५०४ : शांतताभंग होईल अशी चिथावणी देण्याच्या हेतूने केलेला अपमान. दोन वर्षांपर्यंत शिक्षा. अदखलपात्र. ठाण्यात गेलात की एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून हातात पावती देतात. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. नेत्यांच्या बहुतेक शिव्या इथेच संपतात.

कलम २९६, जुनं २९४ : सार्वजनिक ठिकाणी अश्लील शब्द. तीन महिने किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण न्यायालयं 'घाणेरडं' आणि 'अश्लील' यांत फरक करतात. मार्च २०२४ मध्ये एका वेबमालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे असं स्पष्ट सांगितलं. त्यामुळे नुसत्या शिवीवर हे कलम टिकवणं कठीण.

कलम ३५६, बदनामी, जुनं ४९९-५००. पोलिसांकडे जाऊन उपयोग नाही, बाधित व्यक्तीने स्वतः दंडाधिकाऱ्यापुढे खाजगी फिर्याद करायची. तीन वर्षांची मुदत. नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं, म्हणजे आणखी तारखा.

इथे एक विचित्र गोष्ट नजरेत भरते. बदनामीला कमीपणा आणणारं, लोक खरं मानतील असं काहीतरी विधान लागतं. 'याने पैसे खाल्ले' हे तसं विधान आहे. 'हा गाढव आहे' ही शिवी. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(४) ही तसंच : उमेदवाराच्या खाजगी चारित्र्याबद्दल खोटं 'विधान' केलं तर भ्रष्ट आचरण, निवडणूकही रद्द होऊ शकते. निव्वळ शिवी त्यात बसत नाही. सभागृहातही आरोप करायचा तर नियम ३५३ खाली अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्याला आधी नोटीस द्यावी लागते, शिवीला कसली नोटीस? म्हणजे कायद्याचा सगळा भार विचार करून आरोप करणाऱ्यावर पडतो, आणि काहीच न म्हणता घाण ओकणारा मोकळा राहतो. नेते हे ओळखून आहेत. आरोप केला तर पुरावा मागतात, शिवी दिली तर मथळा मिळतो.

दुसरं टोकही आहे. २०१९ मधल्या कोलारच्या सभेतल्या 'मोदी' आडनावावरच्या वाक्याने राहुल गांधींना मार्च २०२३ मध्ये सुरतच्या न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा दिली, खासदारकी गेली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीने परत आली. ऑगस्ट २०२१ मध्ये महाडला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याबद्दल कानाखाली मारण्याची भाषा केली म्हणून नारायण राणे यांना केंद्रीय मंत्री असताना संगमेश्वरला अटक झाली आणि त्याच रात्री जामीन मिळाला. कारवाई होते तेव्हा ती शब्दाच्या वजनावर होत नाही, सत्ता कुणाची यावर होते. हा माझा निष्कर्ष आहे, कुणाला तो पटणार नाही.

पेणकर

साहेब, मंत्री बोलला तर सरकार जबाबदार धरता येतं का?

विधिज्ञ_पुणे

नाही. कौशल किशोर प्रकरण, ३ जानेवारी २०२३, पाच न्यायमूर्ती. मंत्र्याचं विधान सरकारी कामाशी संबंधित असलं तरी सामूहिक जबाबदारीच्या नावाखाली ते सरकारच्या माथी मारता येत नाही, आणि भाषणस्वातंत्र्यावर अनुच्छेद १९(२) मध्ये आहेत त्यापलीकडची बंधनं कोर्ट घालणार नाही. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी वेगळं मत दिलं : मंत्र्याने पदाच्या नात्याने सरकारचीच भूमिका मांडली असेल तर ते सरकारचं विधान धरता येईल.

मोरपंखी

निवडणुकीतलं मी लिहिते. आचारसंहितेत स्पष्ट आहे की टीका धोरण, कार्यक्रम, मागची कामगिरी यावर हवी, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खाजगी आयुष्यावर नको. ती कायदा नाही, पण निवडणुकांची देखरेख आयोगाकडे देणाऱ्या अनुच्छेद ३२४ च्या बळावर आयोग प्रचारबंदी घालतो. १५ एप्रिल २०१९ ला एकाच दिवशी योगी आदित्यनाथ आणि आझम खान यांना ७२ तास, मायावती आणि मनेका गांधी यांना ४८ तास बंदी झाली. प्रचाराच्या शेवटच्या टप्प्यात दोन दिवस तोंड बंद ठेवणं नेत्याला दंडापेक्षा जास्त जाचतं.

तक्रार करायची तर 'सी-व्हिजिल' ॲपवर त्याच जागेवरून चित्रीकरण करून टाका. १०० मिनिटांत निपटारा करायचा असा त्याचा दंडक आहे. ॲप गॅलरीतली जुनी क्लिप घेत नाही, हे लक्षात ठेवा. नंतर सापडलेल्या क्लिपसाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज : सभेचं ठिकाण, तारीख, वेळ, भाषणातलं कितवं मिनिट. आयोगाचं व्हिडिओ पथक सभा चित्रित करत असतं. त्या चित्रीकरणाची मागणी अर्जातच करा. महापालिका, जिल्हा परिषदेसाठी अर्ज राज्य निवडणूक आयोगाच्या यंत्रणेकडे जातो.

विधिज्ञ_पुणे

मोरपंखी यांनी चांगली आठवण केली. क्लिपचा पुरावा कुठे मोडतो ते सांगतो. साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, जुनं ६५ब : इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक क्लिप सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा ठसा, लिहावं लागतं. हे सक्तीचं आहे हे २०२० मध्ये जालन्याच्याच निवडणूक खटल्यात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलं. व्हॉट्सॲपवर फिरत आलेली, कापलेली क्लिप घेऊन आलात तर मूळ चित्रीकरण कुणाच्या फोनमधलं याचं उत्तर नसतं आणि प्रमाणपत्रावर सही करायला कुणी पुढे येत नाही. ज्याने चित्रीकरण केलं त्याचा फोन न पुसता जपून ठेवायला सांगा. पूर्ण भाषण हवं, वीस सेकंद नकोत.

पेणकर

आणि ग्रामसभा, नगरपालिका? तिथे तर रोजच्या रोज होतं.

गावठाण

पेणकर, तिथे अनुच्छेद १९४ चं कवच नाही. ते फक्त विधिमंडळाला आहे. नगरसेवकाने पालिकेच्या सभेत दिलेली शिवी कायद्याच्या दृष्टीने चौकात दिलेल्या शिवीसारखीच. ३५२, ७९, अत्याचार प्रतिबंध, सगळं लागू होतं. बऱ्याच सदस्यांना हे ठाऊक नसतं, 'सभागृहात बोललो' म्हणून ते निर्धास्त असतात. गैरवर्तन करणाऱ्याला सभेबाहेर जायला सांगण्याचा अधिकार पालिकेच्या सभेत पीठासीनाला आहे, तो वापरावा.

अण्णा_कोल्हापूरकर

गावात सरपंच बाई असेल तर हे शंभर टक्के सांगायला पायजे तिला. नीरजाताई, 'कमळाबाई'चं तुमचं म्हणणं मानतो. धार पाहिजे हे माझं मत तसंच आहे, पण ती बाईच्या अंगावर घासून लावायची नाही.

पेणकर

मग सरपंचताईने सभेतच नक्की काय करायचं? शिवी पडली, गोंधळ झाला, ग्रामसेवक लिहून घ्यायला तयार नाही.

गावठाण

आधी सभा पाच मिनिटं थांबवायची, उठवायची नाही. सभा उठली की इतिवृत्त तिथेच संपतं आणि 'असं काही झालंच नाही' म्हणायला वाव मिळतो. पुन्हा सुरू करताना पहिला मुद्दा हाच घ्यायचा : अमुक सदस्याने अमुक वेळी अपशब्द वापरले. इतिवृत्तात शिवी पूर्ण लिहायला ग्रामसेवक कचरत असेल तर 'आईवरून शिवी', 'जातीचा उल्लेख करून शिवी' एवढं तरी आलंच पाहिजे, कारण कलम कुठलं लागणार ते त्यावर ठरतं. शब्द जसाच्या तसा फिर्यादीत येऊ दे. उपस्थितांपैकी दोन-तीन जणांच्या सह्या त्याच पानावर. तरीही लिहीत नसेल तर ताईंनी त्याच दिवशी गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यावा. पोलीस ठाण्यात उशीर का झाला असं विचारतील तेव्हा तो शिक्का दाखवता येतो.